पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास: टीसीएल कमी करण्याआधी काय तपासायचं

हे चक्र बहुतेक गावांत ठरलेलं आहे. मृगाचा पाऊस पडतो, ओढ्याला लाल पाणी येतं आणि आठवड्याभरात नळाच्या पाण्याला 'औषधाचा' वास येऊ लागतो. चहाची चव बिघडते, भात पिवळट दिसतो, ग्रामपंचायतीत तक्रारी सुरू होतात. पाणी सोडणाऱ्याला सरपंच चार शब्द सुनावतात आणि तो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) निम्म्यावर आणतो. पुढच्या काही दिवसांत जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात, आरोग्यसेवक नमुने घेऊन जातो, 'पिण्यास अयोग्य' असा शेरा येतो आणि मग घाबरून दुप्पट टीसीएल पडतं. पुन्हा वास. गणपतीपर्यंत हे असंच चालतं.

आता त्यात एक भर पडली आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज येतो की क्लोरीनच्या पाण्याने कॅन्सर होतो. मेसेज पूर्ण खोटा नसतो, म्हणूनच त्रास होतो. क्लोरीनमुळे पाण्यात काही रासायनिक उपपदार्थ तयार होतात हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून टीसीएल बंद करणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणं. वास आणि उपपदार्थ या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा क्लोरीनच्या आधीच्या टप्प्यात सापडतं: विहिरीत, गाळात, टाकीच्या तळाशी. म्हणून तपासणी तिथून करायची.

वास कशाचा आहे ते आधी ठरवा

'पाण्याला वास येतो' एवढ्यावर काही करता येत नाही. वास चार प्रकारचे असतात आणि चौघांची कारणं वेगळी.

नुसता ब्लीचिंगचा वास, कपडे धुतल्यासारखा. हा मोकळ्या, म्हणजे अजून कशाशीही न बांधलेल्या क्लोरीनचा. डोस जास्त झाला असेल, किंवा टाकीत टीसीएल टाकून लगेच पाणी सोडलं असेल. काहींच्या नाकाला लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम क्लोरीनही कळतो, काहींना त्याच्या कितीतरी पट असला तरी कळत नाही. त्यामुळे एकाच गल्लीत एक घर तक्रार करतं आणि शेजारचं म्हणतं, आम्हाला काहीच नाही.

दुसरा वास स्विमिंग पूलचा, नाकात चढणारा, डोळ्यांना झोंबणारा. इथे गंमत अशी की लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झाला, आणि असतं नेमकं उलट. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याला चिकटून क्लोरामाइन बनतात. त्यातले डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइन हे वासाचे धनी. अमोनियाला पुरून उरेल इतका क्लोरीन पडला नाही की ते रेंगाळतात. टीसीएल निम्मं केलं तर वास जात नाही आणि जंतूही मरत नाहीत. हा वास आला की पहिला प्रश्न: पाण्यात अमोनिया आला कुठून? विहिरीशेजारी गोठा, शोषखड्डा, फुटलेली गटार, पावसाने वाहून आलेला युरिया. यातलं काहीतरी असतंच.

तिसरा दवाखान्याचा वास, आयोडीनसारखा. हा क्लोरोफिनॉलचा. फिनॉलची अगदी सूक्ष्म मात्रा असली तरी क्लोरीनशी मिळून हा वास येतो, म्हणून तर भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये फिनॉलयुक्त पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे फक्त ०.००१ मिलिग्रॅम आहे. टाकीला आतून नवा रंग किंवा डांबरी लेप दिलाय का, कुणी नळाला नवीन रबरी पाइप लावलाय का, विहिरीत पालापाचोळा कुजतोय का, हे बघायचं. एकाच घरात किंवा एकाच इमारतीत हा वास येत असेल तर योजनेकडे बोट दाखवू नका, त्या घराचा पाइप काढून बघा.

चौथा मातकट, कुबट वास. तो क्लोरीनचा नाहीच. शेवाळातून आणि काही जिवाणूंतून येणाऱ्या जिओस्मिनसारख्या पदार्थांचा तो वास. टीसीएल वाढवूनही तो जात नाही आणि कमी करूनही नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्या उपपदार्थांची भीती घातली जाते ते या चारांपैकी कुठल्याच वासात नाहीत. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मापात असतात, त्या मापात नाकाला कळत नाहीत. वास नाही म्हणून उपपदार्थ नाहीत असं नाही, आणि वास आहे म्हणजे उपपदार्थ वाढले असंही नाही.

उपपदार्थ म्हणजे नक्की काय

क्लोरीन पाण्यात पडला की जे पहिलं हाताला लागेल त्याच्याशी भिडतो. लोह, मँगनीज, अमोनिया, शेवाळ, जंतू आणि कुजलेल्या पाल्यातून पाण्यात उतरलेली ह्युमिक आणि फुल्विक आम्लं. पाण्याला फिकट चहासारखा पिवळा-तपकिरी रंग येतो तो या आम्लांचा. क्लोरीन आणि ही आम्लं यांच्यातून जे तयार होतं त्यातला सर्वांत माहितीचा गट ट्रायहॅलोमिथेनचा, थोडक्यात टीएचएम. त्यात चौघं: क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म. दुसरा मोठा गट हॅलोअॅसेटिक आम्लांचा.

हे १९७४ मध्ये उजेडात आलं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की नदीच्या पाण्यात नसलेला क्लोरोफॉर्म क्लोरीन टाकल्यावर तयार होतो, आणि पाण्यात नैसर्गिक रंग जितका जास्त तितका तोही जास्त. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनाही हेच दिसलं. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कॅन्सर होतो असा अहवाल आला आणि १९७९ मध्ये अमेरिकेने चौघांच्या बेरजेला लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. पुढे ती ८० वर आली.

आपल्याकडे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत चौघांना वेगवेगळी मर्यादा आहे. क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ०.०६, बाकी दोघांना प्रत्येकी ०.१. या मर्यादा आयुष्यभर रोज तेच पाणी पिण्याच्या हिशोबाने ठरतात. कॉलराला आणि काविळीला एवढा दम नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट म्हटलंय की उपपदार्थ कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि महापालिकेला परिसरातले खासगी आरओ प्लांट सील करावे लागले. कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनपुढे टिकत नाही. पण क्लोरीन पाण्यात असायला हवा ना.

मोजल्याशिवाय टीसीएलच्या गोणीला हात लावू नका

चार ठिकाणी मोजायचं: टाकीच्या निर्गम नळाला, गावातल्या पहिल्या घरी, मधल्या कुठल्या तरी चौकात आणि शेवटच्या घरी. शेवटचं घर म्हणजे खरोखर शेवटचं, वस्तीवरचं. सरपंचांच्या घरचं माप सगळे घेतात, त्याचा उपयोग नाही.

बहुतेक ग्रामपंचायतींकडे अजून ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट आहे. ओटी टाकल्याबरोबर जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा, आणि काही मिनिटांनी जो गडद होत जातो तो अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीन. लोक पाच मिनिटांनी रंग बघतात आणि '०.५ आहे, ठीक आहे' असं रजिस्टरला लिहितात. ते ठीक नसतं. लोह किंवा मँगनीज असलेल्या पाण्यात ओटी खोटा रंगही दाखवते. जमलं तर डीपीडी वापरा, म्हणजे क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणाऱ्या गोळ्या. पहिल्या गोळीने मोकळा क्लोरीन कळतो, त्यातच एकूण क्लोरीनची गोळी टाकली की एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेला क्लोरीन. डीपीडीतही एक फसवणूक आहे: क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि नळी स्वच्छ दिसते. 'शून्य आला' म्हणून माणूस आणखी टीसीएल टाकतो. संशय आला की तेच पाणी क्लोरीन नसलेल्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा बघा. रंग आला म्हणजे क्लोरीन भरपूर होता.

आता आकडे काय सांगतात ते बघू. सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये.

टाकीला १.५ आणि शेवटच्या घरी शून्य: क्लोरीन वाटेत खाल्ला जातोय. पाइपात बुळबुळीत थर आहे, गळती आहे, किंवा शेवटच्या टोकाला पाणी तुंबून राहतं. डोस वाढवून इथे काही होत नाही, पहिल्या घरी मात्र वास वाढतो. शेवटच्या टोकाचा वॉशआउट (पाइप धुण्यासाठीचा व्हॉल्व्ह) उघडून पाइप धुऊन काढा आणि गळती शोधा.

एकूण क्लोरीन भरपूर, मोकळा नगण्य: अमोनिया. हा धोक्याचा इशारा समजा. अमोनिया मापून बघा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला पुरून उरायला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. एवढं टीसीएल टाकून पाणी प्यायलायक करण्यापेक्षा सांडपाण्याची वाट बंद करणं सोपं आणि स्वस्त.

सगळीकडे मोकळा क्लोरीन १ च्या वर: सरळ डोस जास्त. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. पावसाळ्यात ०.५ धरून चाला.

सगळे आकडे नीट आणि तरी वास: वर सांगितलेला फिनॉल किंवा शेवाळ.

आणि टाकीतच शून्य येत असेल तर आधी गोणी तपासा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, ग्रामपंचायतीत तो २० टक्क्यांच्या खाली गेलेला चालत नाही. पंपहाउसच्या ओल्या कोपऱ्यात, तोंड उघडं ठेवून पावसाळाभर पडलेली गोणी यापेक्षा कितीतरी खाली जाते. ५० हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ३३ टक्क्यांचं टीसीएल ३०० ग्रॅम लागतं, २० टक्क्यांचं अर्धा किलो, आणि १० टक्क्यांवर आलेलं एक किलो. 'रोज एक वाटी' हे माप नव्या गोणीला जास्त होतं आणि जुन्या गोणीला कमी पडतं. वासाच्या निम्म्या तक्रारी गोणी बदलल्याच्या आठवड्यात येतात, असं माझं निरीक्षण आहे.

एक योजना जवळून

पाझर तलावाखाली ओढ्याकाठची विहीर, तिथून उंच टाकी, तिथून गाव. पावसाळ्याचे चार महिने दवाखान्याचा आणि स्विमिंग पूलचा असा मिश्र वास. टाकीच्या नळाला मोकळा क्लोरीन बरा, शेवटच्या वस्तीवर शून्य. जलसुरक्षक इमानदार माणूस, रजिस्टर नीट, टीसीएल रोज पडत होतं. पण पडत होतं कुठे? विहिरीत. रोज सकाळी बादलीत पावडर कालवून, चुन्याच्या राड्यासकट, थेट विहिरीत ओतायची. विहिरीवर दोन करंजाची झाडं, कठड्याला जाळी नाही, पाण्यावर पानांचा थर. पांढऱ्या बादलीत पाणी घेतलं तर गाळ बसल्यावरही रंग फिकट चहाचाच.

म्हणजे क्लोरीनला सर्वांत घाणेरडं पाणी सर्वांत आधी दिलं जात होतं. तो पाल्याच्या अर्कावर खर्च व्हायचा, त्याच्याशी उपपदार्थ बनवायचा, चढत्या नळातून टाकीत यायचा, तिथे तळाला बसलेल्या गाळाशी पुन्हा भिडायचा आणि वस्तीवर पोचेपर्यंत संपायचा. टाकी रिकामी केली तेव्हा तळाला घोट्याएवढा चिखल होता, वर मऊ तपकिरी, खाली चुन्याचा कडक थर. भिंतीवर तारीख रंगवलेली होती, 'टाकी धुतल्याचा दिनांक', ताजी. शिडीवरून वरच्या वर खराटा फिरवला होता, आत कुणी उतरलं नव्हतं.

टीसीएल तेवढंच ठेवून बाकीचं बदललं. विहिरीवर जाळी बसवली, फांद्या छाटल्या, पाला काढला. टीसीएल विहिरीतून काढून टाकीवर आणलं आणि तेही राडा खाली बसू देऊन फक्त वरची निवळ ठिबकत सोडायची. चुन्याचा राडा पाण्यात गेला की सामू (पीएच) वाढतो, आणि वाढलेल्या सामूत क्लोरीनची मारकशक्ती घटते: सामू ७.५ च्या आसपास निम्मा क्लोरीन जोरकस रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. वर टीएचएमसुद्धा चढ्या सामूला जास्त बनतात. राडा टाकणं सगळ्या बाजूंनी तोट्याचं. टाकी खरोखर रिकामी करून, गाळ उपसून, खरवडून धुतली. शेवटच्या वस्तीवर मोकळा क्लोरीन दिसू लागला, वास घटला आणि रोजचं टीसीएल उलट कमी लागायला लागलं. ज्यांनी 'टीसीएल कमी करा' म्हणून आरडाओरडा केला होता त्यांचं म्हणणं शेवटी पूर्ण झालं, पण वेगळ्या वाटेने.

टाकीत उतरायचं असेल तर एकट्याने उतरू नका. आदल्या दिवशी झाकण उघडून हवा खेळू द्या, वर एक माणूस उभा हवाच. आणि टाकी-संडास धुण्याचं अॅसिड टीसीएलच्या जवळपासही आणू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

डोस ठरवायचा सोपा प्रयोग

पावसाळ्यात पाणी दर पंधरवड्याला बदलतं, डोस मात्र उन्हाळ्यातलाच राहतो. हे करून बघा. २५ टक्क्यांचं टीसीएल ४० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात कालवा, बसू द्या, वरची निवळ घ्या. हे साधारण एक टक्क्याचं द्रावण. वीस लिटरच्या सारख्या बादल्यांत क्लोरीन न टाकलेलं कच्चं पाणी भरा. इंजेक्शनच्या सिरिंजने पहिलीत २ मिलिलिटर, पुढचीत ४, मग ६, मग ८ असं द्रावण टाका. म्हणजे लिटरमागे १, २, ३, ४ मिलिग्रॅम क्लोरीन. ढवळा, सावलीत झाकून ठेवा, अर्ध्या तासाने मोकळा क्लोरीन मोजा. ज्या बादलीत ०.५ ते ०.७ उरलाय तो आजचा डोस.

खरी माहिती मात्र डोसमध्ये नाही, जो क्लोरीन गायब झाला त्यात आहे. २ टाकून १.५ उरला तर पाणी चांगलं. ४ टाकून ०.५ उरला तर साडेतीन मिलिग्रॅम काहीतरी खाऊन गेलं, आणि त्या 'काहीतरी'त सेंद्रिय पदार्थ असतील तर तितका टीएचएमचा कच्चा माल पाण्यात आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा. टीएचएमची तपासणी महाग आणि लांबची, हा प्रयोग फुकट आणि रोजचा.

ही क्लोरीनची मागणी, म्हणजे गायब झालेला आकडा, जास्त आली तर तुरटीकडे वळा. शुद्धीकरण केंद्र असेल तर जार टेस्ट करून (वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळा डोस टाकून बघून) तुरटीचा किंवा पॅकचा (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडचा) डोस पावसाळ्यापुरता वाढवा. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणण्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण गढूळपणा गेला म्हणजे रंग गेला असं नाही. ह्युमिक आम्लं पाण्यात विरघळलेली असतात, वाळूच्या गाळणीतून सरळ जातात. तुरटी त्यांना बऱ्यापैकी धरते, सामू थोडा उतरलेला असला तर आणखी चांगली. केंद्रात कच्च्या पाण्यातच आधी क्लोरीन द्यायची सवय असेल तर ती आधी तपासा. शेवाळ मारायला किंवा मँगनीज काढायला तो लागत असेल तर ठीक, नाहीतर मुख्य डोस गाळणीनंतर द्या. क्लोरीनची जागा बदलायला फारसा खर्च नाही आणि टीएचएम त्याने बरेच उतरतात. आधी केर काढायचा, मग फरशी पुसायची, एवढंच आहे हे.

केंद्र नसलेल्या गावांत घरोघरी तुरटी फिरवतातच. तुरटी आधी, पाणी निवळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, क्लोरीनचे थेंब नंतर. उलट क्रमाने केलं तर दोन्ही वाया. शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं हे खरं, पण बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो. तसं पाणी पुढे क्लोरीन टाकून साठवायचं असेल तर ते सोयीचं नाही.

क्लोरीनऐवजी दुसरं काही वापरा, असा सल्लाही मिळतो. अमेरिकेत टीएचएम कमी करायला बऱ्याच शहरांनी शेवटच्या टप्प्यात क्लोरामाइन आणलं. वॉशिंग्टन शहराने २००० च्या नोव्हेंबरात हा बदल केला आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या पाइपांतलं शिसं नळाला यायला लागलं. ओझोन वापरला तर पाण्यातल्या ब्रोमाइडपासून ब्रोमेट बनतं. गावच्या योजनेने या फंदात पडू नये.

सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन वापरत असाल तर आणखी एक: हायपो उन्हात आणि उकाड्यात नुसतं कमकुवत होत नाही, त्याचं क्लोरेट बनत जातं. हा उपपदार्थ पाण्यात तयार होत नाही, कॅनमध्येच तयार होऊन येतो. जुना कॅन 'जोर कमी आहे' म्हणून जास्त ओतला की क्लोरेटही जास्त जातं. थोडं थोडं मागवा, सावलीत ठेवा, जुनं आधी संपवा.

किनाऱ्यावर असाल तर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग किंवा गोव्यातल्या खाडीकाठच्या विहिरींना वेगळा हिशोब लागतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. विहिरीत मचूळ पाणी शिरलं की त्याचा अंश येतो. क्लोरीन त्याचं ब्रोमीन करतो आणि ते सेंद्रिय पदार्थांवर क्लोरीनपेक्षाही चटकन तुटून पडतं. मग क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमीनवाले भाऊबंद वाढतात, आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेनची मर्यादा क्लोरोफॉर्मच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा उपसा वाढून पाणी मचूळ लागायला लागलं की टीएचएमची तपासणी तेव्हाच करून घ्या. इथे पावसाळ्यातला नमुना दिशाभूल करतो.

सोसायटीत आणि घरात

शहरात पाणी शुद्ध होऊन येतं आणि बिघडतं आपल्या आवारात. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी, त्यात तापलेलं पाणी आणि तळाचा गाळ. मोकळा क्लोरीन आणि सेंद्रिय पदार्थ जोवर एकत्र आहेत तोवर टीएचएम बनत राहतात, आणि उष्णतेने वेग वाढतो. चार दिवसांचं पाणी साठवायची सवय असेल तर ती आधी मोडा. पाणी महापालिकेचं असूनही सोसायटीच्या टाकीत अमोनिया आणि बांधलेला क्लोरीन दिसत असेल तर ड्रेनेजचा चेंबर आणि टाकी यांच्यातलं अंतर बघायला प्लंबरला बोलवा, केमिस्टला नंतर.

घरातले उपाय थोडेच आहेत. क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून पाणी खळखळून उकळलं की टीएचएम बरेचसे उडून जातात. हॅलोअॅसेटिक आम्लं तशी उडत नाहीत. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. कार्बन फिल्टर टीएचएम धरतो, पण त्याची भूक मर्यादित. मुदत संपल्यावरही पाणी छान लागतं आणि टीएचएम मात्र पार होऊन जातात. आरओची जाळी क्लोरोफॉर्मला पूर्ण अडवत नाही, त्यातलं काम कार्बनच करतो. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन शून्य, म्हणून त्याची साठवणटाकी धुतली नाही तर तिच्यातच जंतू वाढतात. टीएचएम श्वासावाटेही जातात, तेव्हा गिझरचं पाणी सोडून बंद बाथरूममध्ये तासभर बसू नका, एक्झॉस्ट लावा.

टीएचएम तपासायचेच असतील तर

गावाला मिळालेल्या फील्ड टेस्ट किटमध्ये ही तपासणी होत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ असलेली प्रयोगशाळा लागते. आधी फोन करून 'चारही टीएचएम वेगवेगळे देता का' असं विचारा आणि नमुन्याच्या बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत नेलेला नमुना फुकट जातो. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाची ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते. तिच्यात क्लोरीन मारायचं रसायन आधीच घातलेलं असतं, ते धुऊन टाकू नका. ते नसेल तर वाटेत कुपीतच टीएचएम बनत राहतात. नळ बारीक सोडून, काठोकाठ, पाण्याचा फुगवटा येईल इतकी भरा, झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. एकही बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा, कारण क्लोरोफॉर्म त्या बुडबुड्यात पळतो. बर्फात ठेवून न्या. नमुना टाकीजवळचा नको, शेवटच्या घरचा घ्या. तिथे पाणी सर्वांत जुनं असतं.

रिपोर्टमधले चारही आकडे आपापल्या मर्यादेत असले तरी थांबू नका. प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करा, ती १ च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशीच आहे. समजा क्लोरोफॉर्म ९० मायक्रोग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेन २०, डायब्रोमोक्लोरोमिथेन १० आणि ब्रोमोफॉर्म शून्य. आपल्या मानकाच्या मर्यादा धरल्या तर ०.४५ अधिक ०.३३ अधिक ०.१०, म्हणजे ०.८८. पास, पण काठावर. बेरीज १ च्या वर गेली तर टीसीएल चालूच ठेवायचं आणि विहिरीवरच्या पाल्यापासून यादी पुन्हा सुरू करायची. दुसरा नमुना टाकी धुऊन आणि डोसची जागा बदलून झाल्यावर, त्याच घरातून घ्या. घर बदललं तर दोन रिपोर्टांची तुलना होत नाही.